राजाचं पत्र थिराबाईंच्या हाती

ति. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून पत्राला सुरुवात करतो (इथून आपल्या मातले गावापर्यंत डोकं पोचत नाही, म्हणून टेबलावर ठेवलं आहे). गुडघा कसा आहे? दाजी काढा न घेताच 'घेतला' म्हणतात का अजून? मिरीचे वेल धरले का? मी मजेत आहे. नोकरी राहते की जाते, एवढंच ठरायचं आहे.

तुला माहीतच आहे, परराष्ट्र खात्यात तीस वर्षं मी कुणाच्या तरी मागे छत्री धरून उभा राहिलो. या थंड देशातही आधी सहा वर्षं फायली वाहिल्या, भाषा शिकलो, आणि आता राजदूत होऊन आलो. पण आपल्या राष्ट्रपतींचं पत्र राजाच्या हातात देईपर्यंत राजदूत हा कोणीच नसतो. त्यासाठी राजवाड्यातून घोडागाडी येते. त्या गाडीची मी तीस वर्षं स्वप्नं पाहिली.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, ती आली. सावरीचा कापूस उडावा तसं बर्फ पडत होतं. अंगावर अस्वलाचं कातडं, पायाशी गरम विटा, घोडीच्या गळ्यातल्या घंटांची किणकिण. शहर हळूहळू पुसट होत गेलं आणि मला डुलकी लागली. पुढची वाट दाखवणारी मोटार बर्फात नाहीशी झाली. गाडीवान ओलुफ (सर्दीवर औषध घेतलेला, कसलं, ते दाजी ओळखतील) पेंगत होता. जागी फक्त घोडी. राजवाड्यात लागण्याआधी तिनं बारा वर्षं दुधाची गाडी ओढली होती.

गाडी थांबली. समोर पांढऱ्या केसांची, ताठ कण्याची एक म्हातारी. राजा आजारी असेल आणि ही राजमाता, असं माझ्या झोपेनं परस्पर ठरवून टाकलं. मी तीनदा वाकलो, भाषण म्हटलं, पत्र पुढे केलं. तिनं ॲप्रनला हात पुसून ते दोन्ही हातांनी घेतलं (राजमाता ॲप्रन कशाला घालेल, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी पडला).

"तुमच्याकडची माणसं बरी आहेत ना?" तिनं विचारलं.

अक्का, आजवर मला चहाचा भाव विचारला, बंदरांची खोली विचारली. हे कोणी विचारलं नव्हतं. बरी आहेत, म्हणालो, फक्त बहिणीचा गुडघा दुखतो.

"मग बसा की. आपल्या माणसांबद्दल कोणी उभ्याउभ्या बोलतं का?"

तिनं वाटाण्याचं सूप आणि काळा पाव दिला. मी अप्पांबद्दल बोललो, आपल्या ओढ्याबद्दल बोललो. बाहेर बर्फ, आत दुधाची वाफ. तासभर मी कुठल्याच देशात नव्हतो.

तिकडे राजा ताटकळलेला. अखेर मोटारीतला अधिकारी शोधत आला. "बाई, ते पत्र राजेसाहेबांचं आहे हो!"

"माझ्यापुढे भाषण केलं, पत्र माझ्या हातात दिलं," थिराबाई म्हणाल्या (हे त्या दूधवाल्या म्हातारीचं नाव). "राजाला हवं तर त्यानंही पहाटे उठून चार गाई पिळाव्यात."

पत्र काही सुटलं नाही. राजानं नकलेवर भागवलं आणि तो खूप हसला म्हणतात. आपलं खातं हसलं नाही. त्यांनी खुलासा मागवला. मी 'झोप लागली' असं खरं खरं कळवून टाकलं.

थोरांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा धाकटा भाऊ,
टिकिरी

ता. क. झोपेची सबब खात्यापुरती. दारावर गाय रंगवलेली होती, ती मी स्वच्छ पाहिली होती. पण मी उतरलो तशा थिराबाई उठून उभ्या राहिल्या. माझ्यासाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं गं. पाय मागे घेववेना.

आणखी ता. क. सोबत त्यांचं उत्तर आहे, वर 'आपल्या देशास' असं लिहिलेलं. जबाब येईल म्हणून त्या रोज पोस्टमनला हटकतात. खात्याकडे पाठवलं तर ते फायलीत मरेल. तेव्हा अक्का, तूच लिही. पावसाचं, मिरीचं, दोन ओळी पुरे. आणि सही करताना लाजू नकोस. 'देशाच्या वतीनं' असं ठळक लिही.