नसलेले भोक हजर न करण्याबाबत

प्रति,
मा. नौका नोंदणी व तपासणी अधिकारी,
बंदर कार्यालय, पहिला मजला.

विषय: बोट क्र. ४१७ च्या तळाला नसलेले भोक तपासणीसाठी हजर करण्यास नकार कळविणेबाबत.

संदर्भ: १) आपला आदेश, "भोक पंधरा दिवसांत हजर करावे". २) त्याच आदेशाची दोन स्मरणपत्रे. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार ही वरील बोटीची मालकीण असून बोट फायबरची, लहान, दोन माणसांची आहे. दुसरा माणूस म्हणजे अर्जदाराचा थोरला भाऊ (यापुढे "दादा"). तीस वर्षे दादाने जाळे कुठे टाकायचे आणि कुठे अजिबात टाकायचे नाही हे सांगितले. पाण्याखालचा प्रत्येक खडक त्याला पाठ होता. कागदावर मात्र त्याने एक रेघही ओढली नाही. विचारले तर म्हणायचा, मी आहे ना. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्याची वाचा गेली व उजवा हातही गेला. खडक डोक्यात राहिले. दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, असे डॉक्टरांनी अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले आहे.

२. सबब अर्जदाराने फिशफाइंडर, म्हणजे पाण्याची खोली व तळ पडद्यावर दाखविणारे यंत्र, बसविण्याचे ठरविले. याचे दोन भाग असतात. पडदा सुकाणूपाशी राहतो. ट्रान्सड्यूसर म्हणजे मुठीएवढा गोळा. तो पाण्यात आवाज सोडतो व तळावरून परत आलेला आवाज ऐकून खोली सांगतो. काही लोक त्यासाठी बोटीच्या तळाला भोक पाडतात. फायबरच्या बोटीला त्याची गरज नाही. आवाज भरीव फायबरमधून आरपार जातो, म्हणून गोळा आतूनच तळाला चिकटवता येतो. चिकटविताना खाली हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढेच पथ्य.

३. चिकटविण्याआधी योग्य जागा शोधावी लागते. त्यासाठी बोटीच्या पोटात स्वतःच बादलीभर पाणी ओतायचे, गोळा त्यात बुडवून इकडेतिकडे धरायचा आणि पडदा बघायचा. शेजारी दादा डाव्या हाताने शिसे बांधलेली दोरी सोडत होता. दोरी सात वाव (वाव म्हणजे पसरलेले दोन हात, सुमारे सहा फूट) भरली, पडद्याने तेरा मीटर दाखविले. हिशेब जुळला म्हणून दोघेही हसत होते, आणि नेमके त्याच वेळी आपले तपासनीस साहेब धक्क्यावर आले. बोटीत पाणी, वायर लोंबते आहे, आणि अर्जदाराच्या हातात पडद्याची पट्टी बसविण्यासाठी आणलेले ड्रिल. अर्जदाराने सांगितले की पाणी तिनेच ओतले आहे. साहेब म्हणाले, "बाई, बोटीतलं पाणी लोक बाहेर काढतात, आत ओतत नाहीत." आणि त्यांनी लिहिले: तळास भोक, पाणी आत येत आहे.

४. आदेश हाती पडेपर्यंत दहा दिवस गेले. तेवढ्यात गोळा चिकटवून अर्जदार व दादा चार वेळा समुद्रावर जाऊन आले. पहिल्याच दिवशी दादाने बोटीच्या काठावर डावा तळहात आपटला. अर्जदाराला कळेना. क्षणभराने पडद्यावर खडक वर आला. तेव्हापासून दादा हात आपटतो, पडदा खोली दाखवितो आणि अर्जदार किनाऱ्यावरच्या खुणा धरून वहीत लिहिते. चार दिवसांत अकरा जागा झाल्या. अकराव्या जागेला दादा रडला, आणि अर्जदारही रडली. ही बाब कार्यालयाच्या उपयोगाची नाही, तरी नोंद व्हावी.

५. त्यानंतर, भोक हजर होईपर्यंत बोट पाण्यात घालू नये असे आदेशात असल्याने, ती किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे. आज त्रेपन्नावा दिवस. आपल्या फॉर्मच्या सहाव्या रकान्यात भोकाचा व्यास विचारला आहे. अर्जदाराने "भोक नाही" असे लिहिले. फॉर्म अपूर्ण म्हणून परत. मग "शून्य" लिहिले. शून्य व्यासाचे भोक नियमात बसत नाही म्हणून परत. पुढे तपासनीस साहेब स्वतः येऊन बोटीखाली आडवे झाले, टॉर्च मारली, नाण्याने ठोकून पाहिले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे अर्जदारास वाटले. अहवाल आला: भोक आढळून आले नाही, सबब ते लपविण्यात आले आहे, व लपविणे हा स्वतंत्र दोष आहे.

६. कार्यालयात खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा खिडकीवरच्या कारकुनांना दया आली. ते चांगले गृहस्थ आहेत व त्यांच्यावर राग नाही. ते हळूच म्हणाले, "ताई, एक लहानसं भोक पाडा. साहेबांना दाखवा, बुजवा, दाखला घ्या. मोकळ्या व्हाल."

७. अर्जदार लपवीत नाही: ती घरी जाऊन ड्रिल घेऊन बोटीत शिरली. माणूस अडला की काय करील याचा नेम नाही. टोक तळावर टेकवले. दादा काठी टाकून, काठाला धरून कसाबसा आत आला आणि त्याने डावा तळहात ड्रिलच्या टोकाखाली सपाट ठेवला. बराच वेळ ठेवला. अर्जदाराने ड्रिल खाली ठेवले. तिला स्वतःची लाज वाटली, आणि नंतर, स्पष्ट सांगायचे तर, या कार्यालयाचा संताप आला.

८. तरी हा अर्ज परवानगीसाठी नाही. येत्या सोमवारी सकाळच्या भरतीला बोट क्र. ४१७ पाण्यात उतरेल. भोक असेल तर ती सर्वांसमक्ष बुडेल, आपला अहवाल खरा ठरेल आणि भोक आयतेच हजर होईल. नसेल, तर बोट बाराव्या जागेकडे जाईल. तपासनीस साहेबांनी सोबत यावे. त्यांना बसायला ट्रान्सड्यूसरशेजारी, म्हणजे आदेशातील भोकापाशीच, जागा ठेवली आहे. पाणी लागल्यास त्यांनी तिथेच लिहून घ्यावे.

९. दंड, परवाना रद्द, जे काही असेल ते अर्जदार परतल्यावर उभ्याने ऐकून घेईल. आपला आदेश दहा वर्षांनीही पुन्हा काढता येईल. दादाजवळ तेवढे दिवस नाहीत.

आपली, आज जमेल तेवढी नम्र,
(सही)
बोट क्र. ४१७ ची मालकीण
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
तिचा दादा

दिनांक: आदेशाचा त्रेपन्नावा दिवस, शुक्रवार

सोबत:
१) बोटीच्या तळाची छायाचित्रे, आतून व बाहेरून.
२) फॉर्म, सहावा रकाना कोरा.
३) खडकांच्या जागांची वही जोडलेली नाही. ती अजून लिहून व्हायची आहे.