विंचवांचा महिना

ततावीन, ९ जुलै

ती. बाबांना सिहेमचा सलाम, वि. वि.

गोदीतल्या हातोड्यांनी तुमचे कान नेले. फोनवर तुम्ही नुसतं बरं, बरं म्हणता, म्हणून लिहिते.

डॉ. अनीस जर्मनीला गेले. आता इस्पितळात मुलांची डॉक्टर मी एकटीच, आणि हा महिना विंचवांचा. मंगळवारी मबरूका नावाची बाई पाच वर्षांच्या यामिनाला घेऊन आली. विंचू चावून तीन तास झाले होते. गावाबाहेर राहतात, गाडीच मिळाली नाही. विषावरचं इंजेक्शन दिलं, श्वासाचं यंत्र लावलं, तरी फुप्फुसांत पाणी भरत गेलं. दुपारी पोर गेली. मबरूका रडली नाही. माझ्या कोटाची बाही धरून जमिनीवर बसली. मीही बसले.

मी उत्तरेच्या किनाऱ्यावरची, इथे परकी; गावात कुणी शब्दाने दुखवत नाही. पण मी दुकानात शिरले की बायकांचं बोलणं थांबतं. जेवायला कुणी बोलवत नाही. डॉक्टरीणबाई कामात असतील म्हणे. एका माणसापुरता कुसकुसचा रवा वाफवता येत नाही, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

प्रकृती जपा, माया असू द्या.
तुमची, सिहेम


बिझेर्त, २० जुलै

चि. सिहेमला बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझी आई असती तर कान धरून तुला घेऊन आली असती. मी स्वतःच बहिरा, तुझा कान कुठल्या तोंडाने धरू?

तरी सांगतो, राजीनामा दे. तुझ्या मामेभावाच्या दवाखान्यात तुझी जागा ठेवलीय. मुलं इथेही आजारी पडतात. दुसरं म्हणजे, काल मासेवालीशी बोलायला गेलो तर आवाजच फुटेना. चार दिवस कुणाशी बोललोच नव्हतो, हे तेव्हा कळलं. तुझी खोली झाडून ठेवलीय.

वाट पाहणारा,
बाबा


ततावीन, ११ ऑगस्ट

ती. बाबांना सलाम, वि. वि.

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. गेल्या सोमवारी सकाळी मबरूका आली. कडेवर तिचा अकरा महिन्यांचा मुलगा, त्याला धाप लागलेली, तापाने अंग भाजत होतं. मीच दाराशी थबकले. तपासून सांगितलं की न्यूमोनिया आहे. शेजारच्या शहरात, मेदनीनला, दुसरे डॉक्टर आहेत, गाडीची सोय करून देते. ती म्हणाली, "त्यांना मी कुठे ओळखते? याला तुम्हीच बघा."

विश्वासाने म्हणाली की थकून, ते कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पाच दिवस पोर वॉर्डात होतं. शनिवारी ताप उतरला, आणि घरी जाताना तिने पुढच्या लशीची तारीख विचारली. सप्टेंबरातली आहे. मी कागदावर लिहून दिली, खाली स्वतःचं नावही घातलं. ती गेल्यावर ध्यानात आलं की सप्टेंबरात मी इथे असेन, हे मी कबूल करून बसलेय.

बाबा, तुम्ही तिथे एकटे आहात हे ठाऊक असून मी येत नाही. राग धरा, पण लिहीत राहा.

तुमची लेक,
सिहेम