हवेतला सव्वा तास

सानगडी

रा. रा. परसरामजी व्याही यांस यादोरावचा रामराम.

विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? हायवेची धूळ तुमच्या खोकल्याला त्रास देत नसेल अशी आशा. इकडे सगळे खुशाल, फक्त मी भ्यालेलो आहे. (फोनवर हे बोलता येत नाही, सुंदरबाई ऐकते. म्हणून आमच्या गड्याच्या, चिंधूच्या हाती पत्र.)

दामिनीचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला पुण्याहून हलायची मनाई केली आणि तुमच्या योगेंद्रनं मला नि सुंदरबाईला, आम्हा नवराबायकोला, उद्याची विमानाची तिकिटं पाठवली. मी अंतर विचारलं. तो म्हणाला, नागपूर-पुणे रस्त्यानं सातशेच्या वर, विमानानं सहाशेच्या आसपास, सव्वा तासात पोचाल. मधले शंभर किलोमीटर विमान कुठे टाकतं? तर म्हणे, आकाशात वळणं नसतात. म्हणजे व्याहीबुवा, घाबरलं तर बाजूला घेऊन उभं राहायलाही जागा नाही.

मग म्हटलं, सराव करू. धान बघून येतो सांगून शेतात, बांधीत गेलो. रानडुकरांपासून धान राखायचं आमचं मचाण चांगलं दोन पुरुष उंच आहे. वर चढलो, विमानातला पट्टा म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं स्वतःला खांबाला बांधलं आणि सव्वा तास डोळे मिटून बसायचं ठरवलं. थोडा वेळ बरा गेला. मग वारा सुटला, मचाण कुरकुरलं आणि मी ओरडलो. गाठ काही सुटेना. चिंधू धावत आला नि खालून म्हणाला, "वाघ दिसला का जी?" विमानाचा सराव करतोय हे गावाला कोणत्या तोंडानं सांगू? मी हो म्हणून मान हलवली. अर्धं गाव टिनाचे डबे बडवत आलं. वनरक्षक अजून माझ्या धानात पंजे शोधतो आहे. (बिचारा फार मन लावून शोधतो.)

सुंदरबाईनं मात्र दुपट्ट्याची गाठ पाहिली आणि ओळखलं. "तुमी राहा घरी, मी एकटी जातो," म्हणाली.

तेव्हा योगेंद्रला तुम्हीच कळवा, यादोरावची कंबर धरली आहे, ते पुढच्या आठवड्यात रेल्वेनं येतील.

आपला,
यादोराव

ता. क. सुंदरबाईची पिशवी भरून झाली. खिडकीची जागा तिनं स्वतःकडे ठेवली आहे.

दुसरा ता. क. चिंधू निघतच होता, तेवढ्यात दामिनीचा फोन आला. उद्या संध्याकाळीच ऑपरेशन करायचं ठरलं आहे. "बाबा, मले भेव लागून राह्यलं. तुमी याल ना?" म्हणाली. ही पोर लहानपणी एकटी तलावात उतरायची, भेव हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. येतो म्हणालो. आजची रेल्वे आता मिळत नाही, उद्याची संध्याकाळपर्यंत पोचत नाही.

कंबरेचं कोणाला सांगू नका. सकाळी आमची गाडी नागपूरच्या वाटेवर शहापूरला तुमच्या दारात थांबेल, तुम्ही सोबत बसा. विमानतळाच्या दारापर्यंत चला, आणि मी मागे वळलो तर व्याही म्हणून मान न ठेवता मला आत ढकला.