शेवटच्या दोन ओळी

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९. धुळे.
मेहरूणहून सकाळच्या गाडीने आलो आणि छापखान्यात रुजू झालो. मालकीण वच्छलाबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात. आल्या आल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढली. लता माहेरी नरडाण्याला आहे, आठवा महिना. इथून तासाभराची वाट, दर रविवारी भेट होणार. स्वारी खुशीत!
काम म्हणाल तर सुरतेहून आणलेला एक जुना प्रिंटर. विंडोज ९८ शी त्याचा ड्रायव्हर जुळत नाही, म्हणून पानाच्या शेवटच्या दोन ओळी गळतात. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

मंगळवार, १६.
ड्रायव्हर बदलला. कुठलंही मशीन मी लताच्या नावानेच तपासतो. समोर उत्तरकार्याचं, म्हणजे गंधमुक्तीचं पत्र उघडं होतं, मयताच्या जागी तिचं नाव टाकून छापलं. अक्कांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, “भाऊ, जित्या मानुसनं नाव ह्या कागदवर टाकतस का?” त्यांनी पत्र फाडून चुलीत घातलं. मी हसलो, नाव पुसलं. ओळी अजून गळतातच.

गुरुवार, १८.
लग्नपत्रिका छापायला दिली, निघालं लताचं पत्र. फाइल काढून टाकली, पुन्हा तेच. आता हसू येत नाही.

शुक्रवार, १९.
तो ड्रायव्हरही उपटून तिसरा टाकला. पत्रात एक ओळ वाढली. ‘शोकाकुल पती’, पुढे माझं नाव. मी ते कधीच टाईप केलेलं नाही.
आता एकच ओळ उरली. मृत्यूच्या तारखेची.

शनिवार, २०.
मेहुण्याचा, झुलालचा फोन आला. लताच्या पोटात दुखतंय, मला बोलावते आहे. अक्का म्हणाल्या, मशीन मरू दे, तू आधी जा. पण तिचं नाव यात ठेवून कुठल्या तोंडाने जाऊ? जुना ड्रायव्हर परत टाकतो. ओळी गळल्या तर — गळायलाच हव्यात.

रविवार, २१. सकाळ.
वायर काढली. तरी कागद सरकला —
तारीख आली. आजची.
लता, चुकलो गं. कालच निघायला हवं होतं. तू बोलावलंस आणि मी इथे — साडेदहाची बस आहे, निघतो —

झुलाल आलाय. उंबऱ्याबाहेरच उभा, सुतक असल्यासारखा. अक्कांनी पाणी पुढे केलं, तो घेत नाही. मी सांगितलं, निघालोच आहे, अजून बस — तो माझ्याकडे बघतसुद्धा —