ठिपका किती लांब जातो

३ तारीख, सोमवार
ही जाऊन दीड महिना झाला. आता सावरायचं ठरवलं आहे. पहिलं काम, हॉस्पिटलातून हिची पिशवी आणणे. अठ्ठावीसपर्यंत नेली नाही तर टाकून देऊ, असं तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या. लॅबपासून दोन चौक. उद्या आणतो.

४, मंगळवार
राहिलं. लॅबमध्ये मायक्रोस्कोप माझ्याकडे. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा दोन मीटर धागा घड्या घालून बसवलेला असतो. त्यावर एका जागी चमकणारा ठिपका लावायचा आणि तो कसा हलतो त्याचं शूटिंग घ्यायचं. ठिपका क्षणभर थांबत नाही. मग मी कसा निघणार?

९, रविवार
लेकीने फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. आज ७,२००. पिशवीचं म्हणाल तर रविवारी हॉस्पिटल बंद. हॉस्पिटल कधी बंद असतं का, असं लेक म्हणाली. मला ऑफिस म्हणायचं होतं.

१४, शुक्रवार
हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो. छत्री नव्हती, परत आलो. पाऊस आला नाही, पण आला असता तर पिशवी भिजली असती. ९,१०० पावलं. प्रगती आहे.

१९, बुधवार
लॅबच्या मॅडमनी ठिपक्याचा आलेख दाखवला. धागा लवचीक, म्हणून ठिपका इतका नाचतो. पण तो त्याच धाग्याला बांधलेला, म्हणून जरा लांब गेला की मागे ओढला जातो. त्या म्हणाल्या, किती चालला ते बघू नका, निघाला तिथून किती लांब पोहोचला ते बघा. सुटा असता तर रेघ चढत गेली असती. आपली थोडी चढते आणि आडवी होते. मी म्हणालो, बिचारा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला आलेख कळला याचं कौतुक वाटलं असावं.

२३, रविवार
लेक आली. तिला ११,००० पावलं दाखवली. तिने नकाशा उघडला. घर, लॅब, फाटक, घर. दोन आठवडे तेच. म्हणाली, बाबा, पिशवी मी आणू का? नको म्हणालो. हिच्या वस्तूंना दुसऱ्याने हात लावलेला हिला खपायचा नाही. तशा पिशव्या कायम तीच उचलायची.

२८, शुक्रवार, सकाळी ११
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आज पिशवी घरी.

दुपारी २
फाटकावरचा वॉचमन म्हणाला, काका, आज तरी आत जा, रोज इथूनच वळता. रोज नाही.
तिथूनच बाईंना फोन लावला. सांगितलं, कामात अडकलोय, फार लांब आहे. त्या म्हणाल्या, खिडकीतून दिसताय तुम्ही. या की वर. फार काही नाही हो पिशवीत, चष्मा आणि चपला.
आवाज नीट येईना. ठेवून दिला.

संध्याकाळी
बाईंचा मेसेज आला. मुदत महिनाभर वाढवून दिली आहे. पाठपुरावा केला की कामं होतात. आज १२,४०० पावलं.