वजरीनं घासलेली बोटं

आई,

आज अकोल्यात माझ्या क्लासला येणाऱ्या एका मुलीची आई विचारत होती, "मॅडम, पोरीचे बोटं लय दुखतात, जवसाचं तेल लावून देऊ काय?" मी जवळजवळ खेकसलेच तिच्यावर, "अजिबात नको." मग माझी मलाच लाज वाटली आणि नीट समजावून सांगितलं. गिटारच्या तारांनी बोटांच्या टोकांना घट्टे पडू द्यायचे, रोज थोडंच वाजवायचं पण खाडा करायचा नाही, आणि आंघोळीनंतर बोटं पुरती कोरडी झाल्याशिवाय तारांना हात लावायचा नाही. ती बिचारी मान डोलावत होती आणि मला तू दिसत होतीस.

अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटारसाठी माझी निवड चाचणी होती, त्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. तू दिवसभर कापूस वेचून आलेली, बोंडांच्या टोकांनी तुझी बोटं फाटलेली. चहाचा कप देताना माझी बोटं तुझ्या हाताला लागतात आणि तू दचकतेस. "काहून वं, असे कडक काहून झाले तुये बोटं? माये हात असे, तुये तरी नको व्हायले." लग्नकार्याला जायच्या आधी तू स्वतःचे हात जसे साफ करायचीस, तसेच माझे केलेस. घमेल्यात ऊन पाणी, पाय घासायची वजरी, वर जवसाचं तेल. चार चांगल्या लोकांसमोर जाताना हात चांगले असावेत, एवढंच तुझ्या मनात होतं. घट्टे पार निघून गेले. तू माझी बोटं उजेडात धरून पाहिलीस आणि खूश झालीस.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गाण्याला बोटांची कातडी सोलवटली, तार दाबता येईना. त्यांनी दुसऱ्या कोणाला घेतलं. घरी येऊन मी तुला नाही नाही ते बोलले. "तुले काई समजत नाई, तं हात काहून लावला?" एरवी तू कोणाचं ऐकून घ्यायची नाहीस, पण हे सगळं ऐकून घेतलंस. पुढे कितीतरी वर्षं शेजारणींना सांगायचीस, "पोरीचं नुकसान म्याच केलं." माझ्या हातांना पुन्हा कधी हात लावला नाहीस. शेवटच्या आजारात मी तुझा हात धरायला गेले, तर तो काढून घेतलास. "राहू दे, माया हात खरखरीत आहे. तुया बोटाले लागन."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, गिटारच्या पेटीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं आहे. घट्टे जपायचे असतात, हे गिटारच्या सरांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तू वजरी हातात घेतलीस तेव्हाच उद्या काय होणार हे मला कळलं होतं. पण मी मोठी झाल्यापासून तू पहिल्यांदाच माझा हात इतका वेळ धरून बसली होतीस, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.