तालुक्याच्या थेटरातले बाबा

बाबा, गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर दक्षिणेतला एक डब केलेला सिनेमा लागला होता. खेडेगावातला जमीनदार, त्याचे दोन संसार, आणि थोरल्या मुलीच्या लग्नात, भर मांडवात सगळं उघडं पडतं. ती तीन वेळा वळून बापाकडे बघते आणि तिन्ही वेळा वीज कडाडते. मला हसूच फुटलं. आपल्याकडे कुठे वीज कडाडली होती? तुमच्या तेराव्याला गावाहून एक बाई आली, दहा वर्षांच्या मुलीचा हात धरून. तिने काय ते सांगितलं आणि आईने मुकाट्याने दोन पानं जास्त वाढली.

ती मुलगी, आता चांगली मोठी बाई झालेली, रविवारी तोच सिनेमा बघत माझ्या शेजारी बसून ढसाढसा रडत होती. परळच्या हॉस्पिटलात डोळे दाखवायला आलीय, उतरलीय आपल्या काळाचौकीच्या खोलीतच. पदराने नाक पुसत म्हणते, "बाबा पण असेच रडत गो ताई. तालुक्याच्या थेटरात माका घेऊन जात. मध्यंतराक भजी देत नि म्हणत, कोणाक सांगू नको हां."

तुम्ही? सिनेमाला? मी आठवीत मैत्रिणींबरोबर लालबागला मॅटिनीला गेले, तर तुम्ही गिरणीतून येऊन दारातच म्हणालात, "असली खोटी रडारड बघायला लाज नाही वाटत?" मी घाबरत तुमच्यासमोर चहा ठेवला, तुम्ही कपाला हात लावला नाहीत. आठ दिवस बोलला नाहीत. मला तुमच्याकडून कंपासपेटी मिळाली, धाक मिळाला. रडणारे बाबा तिला. जळफळाट झाला हो माझा! पन्नाशी उलटलेली बाई मी, लेकीचं लग्न काढलेलं, आणि भज्यांवरून जळतेय. तुमचा दुसरा संसार मी कधीच गिळला होता. ही भजी काही गिळवेनात.

त्याच संध्याकाळी लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं. निमंत्रकांत नवरीची मावशी म्हणून तिचं नाव घालायचं मीच ठरवलं होतं, पहिल्यांदाच, सगळ्या भावकीला दिसेल असं. तिला सांगितलंही होतं. बाई तेव्हापासून हरखलेली. प्रूफ बघून मी परत पाठवलं.

काल पत्रिका आल्या. चष्मा लावून तिने दोनदा वाचली. मी म्हटलं, "अगं, छापखान्याने घोळ घातला बघ." तर म्हणाली, "ऱ्हवांदे गो ताई, होता असा. तू कशाक जीवाक लावून घेतंस?" आणि वर माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

हे पत्र तुम्हाला कुठे टाकणार, आणि तिला तरी कुठल्या तोंडाने दाखवणार? छापखान्याने काही केलं नाही, बाबा. नाव मीच खोडलं.